एका बाजूचे चरे

आषाढात कुसमळीच्या अलीकडं रस्त्यावर अकेशियाचं झाड आडवं झालं होतं. गोव्याकडं जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या दोन्ही अंगांना खोळंबलेल्या. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नव्हता. झाडं कापायचं आमचं कटर मशीन जीपमध्येच होतं, म्हणून मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ उतरलो. त्यानं चार ओंडके पाडले. पाचवा काप निम्म्यावर आला तेव्हा मशीनचा आवाज अचानक चढला, शिट्टीसारखा बारीक झाला आणि तुटला. परत चालू करायची दोरी ओढायला गेलो तर दोरी जागची हलेना.

मी तिथंच, पंचवीस-तीस माणसांच्या देखत त्याच्यावर ओरडलो. "टू टी तेल न घालता पेट्रोल ओतलास ना?"

"दादा, टाकलोय की! लिटरला चाळीस मिली, मोजून टाकलोय."

मी ऐकून घेतलं नाही. उरलेलं झाड कुऱ्हाडीनं तोडायला सव्वा तास गेला. परत येताना जीपमध्ये दोघंही गप्प होतो.

हे मशीन आप्पांनी घेतलं त्याला बारा वर्षं झाली. ७२ सीसीचं इंजिन, पिस्टन ५२ मिलिमीटरचा, मोठा फणससुद्धा मुळापाशी धरून कापणारं. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात असं मशीन ज्याच्या घरात असतं, त्याच्या दारात पावसाळ्यात रोज कोणीतरी उभं असतं. कुणाच्या गोठ्यावर फांदी पडलेली असते, कुणाच्या विजेच्या तारेवर. आप्पा गेल्यावर ते काम माझ्याकडं आणि धाकट्याकडं आलं. त्यामुळं मशीन जाम झालं तेव्हा पैशाच्या आधी आप्पांची आठवण झाली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंड झाल्यावर सुटलं. दोरी आता अगदी हलकी येत होती, आणि ते जास्त वाईट लक्षण. चांगलं मशीन दोरीच्या मुठीला धरून उचललं, तर आतला दाब त्याला अडवतो आणि ते टप्प्याटप्प्यानं खाली येतं. आमचं मशीन दगडासारखं सरळ खाली आलं.

बेळगावात एका सर्व्हिसवाल्याकडं नेलं. त्यानं दोनदा दोरी ओढली, एक स्क्रूही न काढता सांगितलं, "साधं पेट्रोल टाकलंय. आख्खं इंजिन बदला." नव्या मशीनच्या जवळपास निम्मी किंमत सांगितली. मी मशीन उचलून घरी आणलं. एवढा खर्च करायचा तर आत काय झालंय ते आधी आपल्या डोळ्यांनी बघावं, असं वाटलं.

सोप्यात पोतं अंथरलं, बॅटरी घेतली आणि सायलेन्सर काढला. दोनच बोल्ट. ज्यांच्याकडं असं मशीन आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कुणाच्याही हातात पैसे देण्याआधी हे दोन बोल्ट काढा. धूर बाहेर पडतो त्या खिडकीतून पिस्टनची एक बाजू दिसते, आणि पिस्टन सगळं सांगतो. आमच्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे चरे होते, मळकट रुपेरी, मांजरानं लाकडी खांबावर नखं ओढावीत तसे. रिंग एका जागी पिस्टनच्याच वितळलेल्या धातूखाली चेपून बसली होती.

मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. तिकडं पिस्टन जवळपास नवा होता. कारखान्यातल्या लेथचे बारीक आडवे आटेसुद्धा शाबूत. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. तेल नसलेलं पेट्रोल गेलं तर पिस्टन सहसा चहूबाजूंनी सोलवटतो, कारण वंगण कुठंच नसतं. फिल्टर फाटून धूळ आत गेली तर खरडतं ते कार्बोरेटरच्या बाजूला. आणि फक्त सायलेन्सरच्या बाजूला चरे असतील, तर इंजिन उष्णतेनं धरलेलं असतं, कारण ती बाजू मुळातच सगळ्यात तापते. हे मला वाचून ठाऊक होतं. पण रस्त्यावर ओरडताना ते आठवलं नव्हतं.

बेळगावातल्या शहापूरच्या मामांना फोन केला. त्यांनी चाळीस वर्षं राजदूत आणि येझदी दुरुस्त केल्या. रविवारी पहिल्या बसनं आले. कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि पितळी हातोडी जुन्या टॉवेलात गुंडाळून आणली होती. गेज प्लगच्या जागी लावून दोरी ओढली तर दाब ९० पाउंड. अशा मशीनला दीडशेच्या आसपास तरी पाहिजे. मामा म्हणाले, "ब्लॉक काढ. उद्यमबागेत देऊया, बोअर मारून घेऊया, ओव्हरसाइज पिस्टन घालूया. दोन दिवसांचं काम."

चार बोल्ट काढून ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं, वर उचलला. आत सायलेन्सरच्या बाजूला पिस्टनचं ॲल्युमिनिअम फासल्यासारखं चिकटलं होतं. तो घेऊन पिरनवाडीवरून उद्यमबागेला गेलो. तिथल्या एका लेथवाल्यानं ब्लॉक उजेडात फिरवला, आत नख घासलं आणि परत माझ्या हातात दिला. "ह्यात लोखंडी लायनर नाही. मुलामा आहे. बोअर मारलं तर गेलंच बघा."

त्याला कामाचे पैसे मिळत होते आणि तो नको म्हणाला. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. मामांच्या येझदीचा ब्लॉक लोखंडी, हवा तेवढा खरवडा. पण या मशीनचा ब्लॉक आख्खा ॲल्युमिनिअमचा, आणि आतून निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर. जर्मनीतल्या माले कंपनीनं १९६७ साली हा मुलामा आणला, निकासिल नावानं. पोलादापेक्षाही कठीण, पण जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. लेथनं तो एकदा निघाला की खाली मऊ ॲल्युमिनिअम, आणि मग नवा पिस्टन टिकायचाच नाही. मामा वाटेत बराच वेळ गप्प होते. किणयेजवळ आल्यावर म्हणाले, "मग चिकटलेलं काढायचं कसं?"

ते ॲसिडनं निघतं. फरशी धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड दुकानात मिळतं तेच. ॲल्युमिनिअमवर पडलं की ते उकळ्या फुटल्यासारखं फसफसतं, मुलाम्याला मात्र काही करत नाही. धोका एकच, आणि तो मोठा आहे. खिडक्यांच्या कडांना ॲल्युमिनिअम उघडं असतं आणि ॲसिड तिथं ओघळलं तर तेही खातं. म्हणून ओतायचं नाही. अंगणात वाऱ्याकडं पाठ करून बसलो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, शेजारी खायच्या सोड्याच्या पाण्याची बादली. कान साफ करायच्या काडीचा कापूस ॲसिडात बुडवून फक्त डागावर टेकवायचा. राखाडी डागावर लगेच फेस येतो, तो काळा पडतो, मिनिटभरानं पुसायचा, सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, परत. पहिल्या तीन वेळा काही फरक दिसला नाही. चौथ्यांदा डागाच्या कडेनं मुलाम्याची चमक वर यायला लागली, पाटीवरची खडूची रेघ ओल्या बोटानं पुसावी तशी. सातव्या वेळेला काडी टेकवली तर फेसच आला नाही. खाली मूळ थर अखंड होता. नख वरून खाली फिरवलं, कुठंच अडकलं नाही. नख अडकलं असतं किंवा थर पापुद्र्यासारखा उचलला असता तर तो ब्लॉक भंगारात गेला असता. मग बारीक पॉलिश पेपरनं हातानंच तिरपे हलके हात मारले आणि गरम पाण्यानं धुतलं.

मी ब्लॉक धुवून आत आलो तेव्हा मामा ब्लॉकखालच्या उघड्या क्रँक चेंबरवर वाकले होते. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघितला, ढिलाई नव्हती. बेअरिंग फिरवून कान लावला, खरखर नव्हती. मग त्यांनी चेंबरच्या तळाला बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाजवळ नेलं.

"तेल आहे रे ह्यात."

"म्हणजे?"

"साध्या पेट्रोलवर धरलेलं इंजिन आतून कोरडं ठणठणीत असतंय. हे बघ, रॉड ओला आहे, बेअरिंग ओलं आहे. पोरानं टू टी टाकलं होतं."

मी काहीच बोललो नाही. मामांनी बोट पुसलं आणि म्हणाले, "नवा पिस्टन आणशील, आणि तो पण असाच जाईल. का गेलं ते आधी शोधूया."

तेव्हा मला आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी धाकटा म्हणाला होता, "दादा, रेस सोडली तरी मशीन लगेच खाली येईना." मी आयडलचा स्क्रू थोडा ढिला केला होता आणि विषय संपवला होता. रेस सोडल्यावर आवाज लटकत राहणं म्हणजे कुठून तरी जादा हवा आत येत असणं. टू स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना खालचं चेंबर ओढ घेतं, आणि त्या ओढीनंच कार्बोरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा आत येते. चेंबरला कुठं भोक असेल तर तिथून नुसती हवा घुसते. मिश्रण पातळ होतं, जळताना जास्त तापतं, आणि त्या हवेच्या प्रमाणात तेलही कमी पडतं. टाकीत टू टी कितीही मोजून घातलेलं असो.

भोक शोधायला दाबाचा पंप लागतो, तो आमच्याकडं नव्हता. आईचं बीपी मोजायचं जुनं यंत्र कपाटात होतं. त्याचा फुगा आणि काटा काढला. जुन्या प्लगमधली पांढरी चिनी माती फोडून काढली, त्या पोकळीत नळी घालून एमसीलनं बुजवली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी जुना पिस्टन तसाच ठेवून ब्लॉक परत बसवला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा सायलेन्सरखाली दाबून एक खिडकी बंद केली, दुसरा कार्बोरेटरच्या जागी. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे बाजूच्या खिडक्या उघड्या राहून वरची हवा खालच्या चेंबरात जाते. प्लगच्या जागी ती नळी आवळली. फुगा दाबत काटा २५० वर नेला. म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण तिसरा हिस्सा, तपासायला पुरेसा.

काटा थांबला नाही. दहा सेकंदांत दीडशेवर आला.

भांड्याच्या साबणाचं पाणी केलं आणि रंगाच्या ब्रशनं जोड एकेक करून भिजवले. ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग, काही नाही. कार्बोरेटरची बाजू, काही नाही. क्लचची बाजू, काही नाही. मॅग्नेट काढलं. त्याचं नट आट्याच्या टोकापर्यंत सैल करून मामांनी पितळी हातोडीचा एकच टोला दिला आणि ते सुटलं. मागं इंजिनचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, बाहेर येतो तिथं ऑइल सील. त्यावर ब्रश फिरवला, फुगा दाबला. सीलच्या खालच्या कडेला, क्रँकला टेकून, एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुटला. लगेच दुसरा. मग ओळच लागली, एकामागून एक, शांतपणे, झऱ्याच्या तळातून यावेत तसे.

मी धाकट्याला हाक मारायला त्याच्या घरी गेलो. तो जेवत होता. "ये, बघ," म्हटलं. तो आला, पोत्यावर उकिडवा बसला, मामांनी फुगा दाबला आणि त्यानं बुडबुडे पाहिले. मी सांगितलं, "तुझं पेट्रोल बरोबर होतं. तू आधी सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. रस्त्यावर बोललो ते चुकलं." तो बुडबुड्यांकडंच बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "एवढ्याशानं?" आणि फुगा स्वतःच्या हातात घेऊन परत दाबून बघितला.

सील काढल्यावर कळलं, त्याचा रबरी ओठ प्लास्टिकसारखा कडक झाला होता. बारा वर्षांचं वय हे एक कारण. दुसरं पेट्रोल असावं असं मला वाटतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आमच्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत उसापासून ते तयार होतं, शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या मशीनच्या रबराला मानवत नाही. आमची पेट्रोलची नळीही चिकट झाली होती आणि कार्बोरेटरचा पडदा ताठ. आता काम संपलं की टाकी रिकामी करतो, आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवतो.

सुटे भाग कोल्हापूरच्या दुकानातून मागवले. मूळ कंपनीचा पिस्टन, रिंगा, दोन्ही सील, बुडाचं पॅकिंग, नळी, कार्बोरेटरचे पडदे. सीमेवर काही पेटलं की आमच्याकडं पहिल्यांदा एसटी थांबते. त्या आठवड्यात सुरू होती, पार्सल निपाणीवरून तिसऱ्या दिवशी आलं. दुकानदारानं ब्लॉकसह स्वस्तातला संचही दाखवला होता. मी घेतला नाही. तसल्या ब्लॉकमध्ये खिडक्यांच्या कडा पुष्कळदा धारदार राहिलेल्या असतात आणि त्यात रिंग अडकते. आमचा मूळ ब्लॉक साफ झाला होता, तो का टाकू?

जोडणीचं काम धाकट्यानं केलं. मी बॅटरी धरली, मामा सांगत होते. क्लचचा आटा उलटा असतो, सोडवायला घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत भरली, लोखंडी काही घातलं नाही. जुना सील किती खोल बसला होता ते व्हर्नियरनं मोजून ठेवलं होतं, नवा तेवढाच आत, गोटीपान्याच्या डोक्यानं सरळ ठोकत. दुसऱ्या बाजूचाही बदलला, एक गेला की दुसऱ्याचं वय तेच. चेंबर पेट्रोलनं तीनदा खळबळून उलटं करून निथळलं, कारण ॲल्युमिनिअमचा एक कण बेअरिंगमध्ये राहिला तरी तो पुढं घात करतो.

रिंग आधी एकटीच ब्लॉकमध्ये घालून पिस्टननं सरळ ढकलली आणि तिच्या टोकांमधली फट मोजली. ०.३ मिलिमीटर, योग्य. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडं. रिंगेच्या खोबणीत एक बारीक खिळी असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, नाहीतर ब्लॉक चढवताना रिंग मोडते. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचे लॉक बसवताना चेंबरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. तरी एक लॉक उडून सोप्यातल्या तांदळाच्या पोत्यामागं गेलं आणि ते सापडेपर्यंत अर्धा तास कोणी जागचं हललं नाही. लॉकची उघडी बाजू खाली ठेवायची, आडवी ठेवली तर पिस्टनच्या धक्क्यांनी ते सुटू शकतं.

मग सोल्डरची तार. पिस्टन वर असताना त्याचं डोकं आणि ब्लॉकचं छत यांत किती जागा उरते ते कळायला तार प्लगच्या भोकातून कडेपर्यंत घालायची आणि इंजिन हातानं एकदा वर आणायचं. चेपलेली तार मोजली, ०.६. पाहिजे तेवढीच.

परत फुगा लावला. २५०. आईनं चहा आणला, आम्ही तो पिऊन कपबशा खाली ठेवल्या, काटा २५० वरच. मग मोठ्या सिरिंजनं उलटी ओढही देऊन बघितली, कारण काही सील आतून दाब दिला की धरतात आणि ओढ दिली की सोडतात. दट्ट्या ओढून सोडला की परत आत जात होता.

मॅग्नेट आणि कॉइलमध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून अंतर धरलं. कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू पूर्ण बंद करून एकेक फेरा उघडले. पेट्रोल धाकट्यानं मिसळलं, सिरिंजनं, लिटरला चाळीस मिली. मशीनच्या कंपनीच्या तेलाला वीस मिली पुरतं, आमच्याकडं साधं टू टी होतं. चतुर्थीला तीन दिवस राहिले होते. सहाव्या ओढीला मशीननं ठसका दिला, आठव्या ओढीला सुरू झालं. निळसर धुरानं अंगण भरलं आणि ब्लॉकवर लावलेलं तेल जळल्याचा वास घरभर गेला.

आता सगळं कानावर असतं. लाकडात नसताना पूर्ण रेस दिली तर आवाज थोडा फरफरता, भरडा यायला हवा, म्हणजे पेट्रोल-तेल पुरेसं जातंय. लाकडात घुसलं की तोच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. मोकळ्यावरच तो सुईसारखा बारीक येत असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि पातळ म्हणजे परत कुसमळी. मी स्क्रू किंचित उघडला, फरफर आली. मामांनी मान डोलावली.

गोठ्यामागं फणसाचा जुना बुंधा पडून होता. मी मशीन धाकट्याच्या हातात दिलं. त्यानं पहिला काप हळू घेतला, पिवळाधमक भुसा पायांवर उडाला, लाकडात आवाज स्वच्छ झाला. बुंध्यातून बाहेर आल्यावर त्यानं बोट काढलं आणि आम्ही तिघंही थांबून ऐकत राहिलो. आवाज सरळ खाली आला आणि आयडलवर ठरला. त्यानं परत रेस दिली, परत सोडली. परत खाली.

"येतंय की लगेच," तो म्हणाला आणि दुसऱ्या कापाला वाकला.